थट्टेकाड, मुन्नार, चिन्नार: सहा दिवसांच्या पक्षीनिरीक्षण सहलीविषयी अभिप्राय

गेल्या फेब्रुवारीत पुण्याहून आम्ही चौघे केरळमध्ये सहा दिवसांच्या पक्षीनिरीक्षण सहलीला गेलो होतो. कोथमंगलमजवळ राहणारे एक कुटुंब मुक्काम, जेवण, गाडी आणि जाणकार वाटाड्या असे सगळे एकत्र देते. त्यांच्याकडे आम्ही नोंदणी केली होती. त्यांचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी आहेत, आणि शिवाय त्या भागात जवळजवळ याच आराखड्याच्या सहली चालवणारी घरे बरीच आहेत, त्यामुळे हा अभिप्राय त्या आराखड्याविषयी आहे असे समजून वाचल्यास अधिक उपयोगी पडेल. आराखडा असा: दोन रात्री थट्टेकाड, दोन रात्री मुन्नार आणि शेवटची रात्र चिन्नार अभयारण्याच्या अलीकडे मरयूरला.

जाहिरातीत सगळा भर आकड्यावर होता. किती जाती दिसतील, त्यांपैकी पश्चिम घाटाबाहेर न आढळणाऱ्या किती, छायाचित्रांसाठी लपणे (पक्ष्यांना न दिसता बसायच्या झोपड्या) किती, असा तो मजकूर. प्रत्यक्ष जाऊन आल्यावर माझे मत असे झाले आहे की या सहलीचे खरे भांडवल तिच्या मार्गाचा क्रम हे आहे, आणि ती विकणाऱ्यांनाच त्याची पुरेशी जाण नाही. सुमारे दीडशे किलोमीटरच्या रस्त्यात आपण नदीकाठच्या सखल सदाहरित रानातून दीड हजार मीटरहून उंच डोंगरावर चढतो आणि तिथून पर्जन्यछायेतील काटेरी झुडपांत उतरतो. हवा तीनदा बदलते आणि तिच्यासोबत पक्ष्यांची यादीही जवळजवळ नव्याने सुरू होते. वर्षावनात पक्ष्यांची इतकी विविधता का असते, या प्रश्नाचे उत्तर खिडकीतून पाहता येईल असा हा रस्ता आहे. अट एवढीच की गाडी थांबली पाहिजे. ती थांबण्यावरून आमचा पहिला वाद झाला, पण तो पुढे.

थट्टेकाडपासून सुरुवात करतो. पेरियार नदीच्या काठचे हे अभयारण्य जेमतेम २५ चौरस किलोमीटरचे आहे. सालिम अलींनी १९३३ मध्ये त्रावणकोर आणि कोचीन संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हाच हे रान त्यांच्या नजरेत भरले होते. अभयारण्य व्हायला मात्र १९८३ उजाडले आणि त्याला नाव त्यांचेच देण्यात आले. उंची समुद्रसपाटीपासून ३५ मीटरपासून सुरू होते आणि पाचशेच्या थोडी वर संपते. आपल्याकडील वाचकाला इथे एक प्रश्न पडायला हवा, मला तर पहिल्याच सकाळी पडला. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि थट्टेकाडला त्याच्या निम्म्याहूनही कमी; असे असताना वर्षावनातील पक्ष्यांची श्रीमंती थट्टेकाडला अधिक का?

उत्तर पावसाच्या बेरजेत सापडत नाही, त्याच्या वाटणीत सापडते. सह्याद्रीच्या आपल्या भागात पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि त्यानंतर रानाला सात-आठ महिने कोरडे काढावे लागतात. दक्षिण केरळमध्ये एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या सरी, जूनपासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील परतीचा, ईशान्येकडून येणारा पाऊस अशी साखळी असल्यामुळे खऱ्या अर्थाने कोरडे महिने तीन-चारच उरतात. त्यामुळे उंबरवर्गातील कुठले ना कुठले झाड बाराही महिने फळावर असते, किडे पूर्णपणे कधीच आटत नाहीत, आणि केवळ फळांवर किंवा केवळ पानांखालच्या किड्यांवर जगणाऱ्या पक्ष्याला उन्हाळ्यात स्थलांतर करण्याची किंवा खाणे बदलण्याची गरज पडत नाही. पांढऱ्या पोटाचा टकाचोर हे त्याचे चांगले उदाहरण. आपल्याकडील नेहमीचा टकाचोर कोरड्या रानातही सुखाने राहतो, हा मात्र साधारणपणे गोव्याच्या उत्तरेला येत नाही. पहिल्याच सकाळी मुक्कामाच्या घरामागील जायफळाच्या झाडावर त्याची जोडी बसलेली होती, आणि आमच्यातील एकाने हातातला चहा तसाच खाली सांडून दुर्बीण उचलली.

आम्हाला मिळालेला वाटाड्या पन्नाशीचा होता. घरातील सगळे त्याला चेट्टा, म्हणजे मल्याळममध्ये दादा, म्हणत, म्हणून आम्हीही तसेच म्हणू लागलो. या सेवेतील सर्वोत्तम गोष्ट कोणती असे कोणी विचारले तर मी त्याचेच नाव घेईन. त्याने आम्हाला पहिल्या दिवशी मुद्दाम सागाच्या लागवडीतून चालवत नेले. फेब्रुवारीत सागाची पाने गळालेली होती, पायाखाली कुरकुर वाजत होती आणि पाव तासात एक बुलबुल आणि एक कोतवाल यांपलीकडे काही दिसले नाही. नंतर एक ओढा ओलांडून आम्ही मूळच्या सदाहरित रानाच्या तुकड्यात शिरलो. तिथे त्याने आम्हाला एका पडलेल्या खोडावर बसवले आणि म्हणाला, "इधर दस मिनट बैठो, वो लोग खुद आएगा."

दहाऐवजी पंचवीस मिनिटे लागली, पण आले. आधी पल्लवपुच्छ कोतवालाची चढी शीळ ऐकू आली, मग वरच्या फांद्यांत निखारांची केशरी ठिणगी फिरू लागली. त्यांच्या खालच्या थरात काळ्या डोक्याचा सातभाईवर्गातील एक छोटा पक्षी पाने उलटून पाहत होता. एका वाळक्या फांदीवर हृदयांकित सुतार, त्याच्या पाठीवरील काळे बदाम उघड्या डोळ्यांनी दिसतील इतक्या जवळ. आणि या सगळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत मलबार ट्रोगनचा नर, छाती आमच्याकडे करून, हललाच नाही. वेगवेगळ्या जातींचे हे थवे मिळून हिंडतात, कारण अनेक डोळ्यांना शिकारी पक्षी लवकर दिसतो आणि एकाने उडवलेला किडा दुसऱ्याच्या कामी येतो. मला अधिक महत्त्वाचे वाटले ते हे की इतके पक्षी एकाच झाडावर असूनही कोणी कोणाच्या आड येत नव्हते. जमीन, झुडपे, मधल्या फांद्या, वरचा शेंडा असा प्रत्येकाचा थर ठरलेला होता. परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकआर्थर यांनी १९६१ साली अमेरिकेतील रानांच्या अभ्यासातून दाखवले होते की रानात झाडांच्या किती जाती आहेत यापेक्षा पाने किती उंचींवर विभागलेली आहेत यावरून पक्ष्यांच्या विविधतेचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो. ती समशीतोष्ण रानांची गोष्ट होती आणि उष्ण कटिबंधात आणखीही कारणे असतात, पण सागाची एकमजली लागवड आणि तिच्या शेजारचे हे बहुमजली रान यांच्यामध्ये एक ओढा ओलांडून जाणाऱ्याला हे समजायला पुस्तक लागत नाही.

त्याच संध्याकाळी चेट्टाने फ्रॉगमाउथची जोडी दाखवली. बेडकासारख्या रुंद तोंडाचा हा निशाचर पक्षी दिवसभर झुडपात वाळक्या पानासारखा बसून असतो. 'दाखवली' म्हणजे त्याने बोट केलेल्या जागेकडे मी दुर्बिणीतून पुरता दीड मिनिट पाहत होतो आणि मला वाळकी पानेच दिसत होती. मग त्यांतील एका पानाला मिशा असल्याचे लक्षात आले. नर करडा, मादी तांबूस, दोघे एकमेकांना चिकटून, चोच आभाळाकडे करून बसलेले. आमच्यापासून अंतर फार तर चार मीटर. पानगळीच्या रानात हा वेश वर्षातील काही महिने निरुपयोगी ठरला असता. ज्या रानात वेलींचा गुंता आणि त्यात अडकलेली वाळकी पाने बाराही महिने असतात, तिथेच तो चालतो.

इथपर्यंत सगळे उत्तम. दुसऱ्या दिवसाविषयी मात्र नाराजी नोंदवावी लागेल. दुसऱ्या दिवसाची संपूर्ण सकाळ आम्हाला छायाचित्रांच्या लपणात बसवण्यात आले. त्याचे माणशी हजार रुपये वेगळे द्यावे लागतात, हे तिथे पोहोचल्यावर कळले. हिरव्या कापडाची झोपडी, समोर सिमेंटचे छोटे टाके, त्यावर मांडलेली शेवाळलेली फांदी आणि फांदीच्या खाचेत ठेवलेल्या अळ्या. पक्षी आले, छायाचित्रेही स्वच्छ मिळाली. आमच्यातील ज्याच्याकडे मोठी लेन्स होती तो खूश होता. माझी हरकत अशी की रानाचे चार मजले तिथे एकाच फांदीवर उतरवलेले असतात, आणि जो पक्षी धीट आहे आणि जमिनीलगत वावरतो तोच तेवढा येतो. छायाचित्रात जे रान दिसते ते त्या टाक्याचे असते. ज्यांना छायाचित्रेच हवी आहेत त्यांनी जरूर बसावे, पण ही वेळ ऐच्छिक असावी आणि तिचे पैसे आधीच सांगावेत.

दुसरी तक्रार ध्वनिमुद्रित आवाजांची. मोबाइलला जोडलेला छोटा स्पीकर गाडीत कायम तयार असे, आणि चेट्टा नसताना मालकांचा मुलगा तो सर्रास वापरत असे. फेब्रुवारी हा तिथे अनेक पक्ष्यांचा विणीचा काळ. अशा वेळी नराला खोटा प्रतिस्पर्धी ऐकवला की तो खाणे सोडून हद्द राखत बसतो. आम्ही विनंती केल्यावर त्याने तो बंद केला, वाद घातला नाही, हेही नमूद करतो.

आता गाडी थांबण्याचा वाद. तिसऱ्या दिवशी नेरियमंगलमचा पूल ओलांडून मुन्नारचा घाट सुरू होतो. नेरियमंगलम हे केरळमधील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. समुद्रावरून येणारे बाष्प या पहिल्या चढावर आपटून इथेच बरेचसे रिकामे होते. चालकाला दुपारच्या जेवणाआधी मुन्नारला पोहोचायचे होते. आम्हाला मात्र दर तीनशे-चारशे मीटर उंचीवर पंधरा मिनिटे उभे राहायचे होते, आणि हे आम्ही नोंदणी करतानाच कळवले होते. बऱ्याच घासाघिशीनंतर तीन थांबे मिळाले. त्या तीन थांब्यांमुळे मी या सहलीचे पैसे वसूल झाले असे म्हणतो.

पहिल्या थांब्यावर मलबारी राखी धनेशाचे ते खदाखदा हसणे दरीतून ऐकू येत होते आणि डोंगरी मैनांची जोडी शेंड्यावर होती. दुसरा थांबा चीयप्पारा धबधब्याच्या पुढे; तिथे मैना संपल्या होत्या आणि शीळकरी कस्तूर पाण्याच्या आवाजावर मात करीत शीळ घालत होता. तिसऱ्या थांब्यावर अंगात स्वेटर चढला होता. खालच्या रानातील बहुतेक आवाज बंद झाले होते. कुटुर्गा आणि शिपाई बुलबुल ही मंडळी मात्र सगळीकडे सोबत होती, त्यांना उंचीचे सोयरसुतक नाही. उंची हजार मीटर वाढली की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. हिमालयातील पक्ष्याला एवढा फरक उन्हाळ्या-हिवाळ्यातही सोसावा लागतो, म्हणून तो त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. विषुववृत्ताजवळ मात्र एका उंचीवरचे तापमान वर्षभर जवळपास तेच राहते, त्यामुळे तिथले जीव तापमानाच्या अरुंद पट्ट्यात राहायला सरावतात आणि चारशे मीटरचा चढही त्यांना भिंतीसारखा वाटतो. परिसंस्थाशास्त्रज्ञ डॅनियल जान्झेन यांनी १९६७ मध्ये हा विचार मांडला होता: उष्ण कटिबंधातील खिंडी तेवढ्याच मीटरांच्या असूनही प्राण्यांसाठी अधिक उंच असतात. डोंगर एकच, पण त्यावर रहिवाशांच्या चाळी एकावर एक. मुंबईकर वाचकांना ही रचना वेगळी समजावण्याची गरज नसावी.

मुन्नारविषयी थोडे सबुरीने लिहायला हवे. दृष्टी पोहोचेल तिथपर्यंत दिसणारा चहाचा हिरवा गालिचा पर्यटकाला सुखावतो, पक्षीनिरीक्षकाला नाही. कमरेएवढ्या कापलेल्या एकाच झुडपाच्या त्या शेतात थर असा एकच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा चहा आला आणि त्याने मूळचे शोला रान व गवताळ माळ मागे रेटले. शोला म्हणजे डोंगराच्या घड्यांत, ओलाव्याच्या आधाराने टिकलेले बुटके, शेवाळलेले सदाहरित रान. त्याच्या बाहेरील उघड्या उतारांवर गवत, कारण हिवाळ्यातील गोठलेले दहिवर कोवळ्या रोपांना जगू देत नाही. उरलेल्या एका शोलाच्या कडेला चेट्टाने पहाटे साडेसहाला उभे केले. काळा-नारिंगी माशीमार आमच्या बुटांपासून हातभर अंतरावर आला आणि आम्ही कोणीच नसल्यासारखा ओल्या पानांवर उड्या मारत राहिला. निलगिरी माशीमार वरच्या फांदीवर होता. पलनी लाफिंगथ्रशचे टोळके रस्त्याकडेच्या झुडपांत गोंधळ घालत होते.

या टोळक्याची कथा सहलीत कोणीतरी सांगायला हवी होती. ती कोणी सांगितली नाही, म्हणून इथे सांगतो. हे पक्षी थंड उंचीवरच राहतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने प्रत्येक उंच डोंगर हे एक बेट असते आणि मधली गरम दरी म्हणजे समुद्र. निलगिरी आणि अनामलाई यांच्यामध्ये पालघाटची खिंड आहे, तीस-चाळीस किलोमीटर रुंद आणि उंचीने अगदी सखल. तिच्या उत्तरेला निलगिरी लाफिंगथ्रश, दक्षिणेला आमच्या समोरचा पलनी, आणखी दक्षिणेला शेनकोट्टाच्या खिंडीपलीकडे अशांबू लाफिंगथ्रश, आणि वायनाडमधील बाणासुराच्या डोंगरावर चौथा. २०१७ मध्ये व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे दाखवले की हे चौघे हिमालयातील नातेवाइकांपासून इतके वेगळे आहेत की त्यांना मॉन्टेसिंक्ला ही स्वतंत्र प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) द्यायला हवी. शोलामधील निळ्या रॉबिनांना त्यांनी शोलिकोला ही दुसरी प्रजाती दिली. म्हणजे वरचा गारवा आणि खालची खिंड या दोघांनी मिळून इथले पक्षी घडवले. हवामान तापत गेल्यास खालच्या मजल्यावरच्यांना वर सरकता येईल. सगळ्यात वर असणाऱ्यांच्या डोक्यावर मजलाच नाही.

आणि इथेच या सेवेची सर्वात मोठी चूक घडली. छापील कार्यक्रमात चौथ्या दिवशी 'एरविकुलम राष्ट्रीय उद्यान, राजमला' असे स्पष्ट लिहिलेले होते. निलगिरी ताहर या डोंगरी रानबकऱ्याच्या विणीसाठी हे उद्यान साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्यटकांना बंद असते. ही गोष्ट त्या धंद्यातील माणसाला ठाऊक नसणे शक्य नाही. आम्हाला ते आदल्या रात्री जेवताना सांगण्यात आले आणि बदल्यात एका धरणाच्या काठावर नेण्यात आले, जिथे नौकाविहार होता. निलगिरी तिरचिमणी हा पक्षी उंचावरील गवताळ माळांवरच राहतो. त्याला चहाचा मळा चालत नाही आणि धरणाचा काठही चालत नाही, त्यामुळे तो आम्हाला दिसला नाही. बंदी योग्यच आहे, आणि उद्यानाविषयी आमची कसलीच तक्रार नाही. बंद उद्यान कार्यक्रमात छापून पैसे घेणे मात्र योग्य नव्हते. परत आल्यावर आम्ही तसे लिहून कळवले, तेव्हा माणशी दीड हजार रुपये परत मिळाले.

चिन्नारला सर्वांत कमी वेळ मिळाला, आणि तो वाढवायला हवा असे माझे मत आहे. मुन्नारहून मरयूरकडे उतरताना चंदनाची रानं लागतात, हवा कोरडी होत जाते आणि चिन्नारच्या हद्दीत शिरेपर्यंत बाभळी आणि निवडुंग सुरू झालेले असतात. नैर्ऋत्येचे ढग डोंगराच्या पलीकडच्या बाजूलाच रिते होतात. इथे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही बराचसा ईशान्येकडून येणारा. इथे तित्तिर ओरडत होते, दगडावर चिरक शेपटी उडवत होता, आणि क्षणभर आपण सासवडच्या माळावर आहोत असे वाटले. थट्टेकाडच्या यादीतील जे पक्षी इथेही दिसले ते दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. याच खडकाळ उतारांवर पिवळ्या गळ्याचा बुलबुल राहतो. दक्षिण भारताच्या कोरड्या डोंगरांबाहेर तो कुठेच नाही. तो आम्हाला उन्हात चाळीस मिनिटे चालवून, एका मोठ्या शिळेमागे, अर्धा मिनिट दिसला. ज्यांना वर्षावनाखेरीज काही नको असते ते चिन्नार गाळतात. माझ्या मते वर्षावनाची कड कुठे आणि का संपते हे पाहिल्याशिवाय ते रान अर्धेच पाहिलेले असते.

व्यवस्थेविषयी थोडक्यात: खोल्या साध्या आणि स्वच्छ होत्या, पंखा होता, वातानुकूलन नव्हते आणि त्याची गरजही भासली नाही. जेवण घरचे, पुट्टू आणि काळ्या हरभऱ्याची कडला करी आम्हाला मनापासून आवडली, कप्पा आणि मासे चौघांपैकी दोघांना. पहाटे साडेपाचला चहा न मागता मिळत असे. गाडीची आसने आरामशीर, पण काचा काळ्या, हे पक्षीनिरीक्षणाच्या गाडीत चालण्यासारखे नाही. खर्च माणशी दररोज साडेपाच हजार रुपये, लपणाचे पैसे वेगळे. चेट्टासारखा माणूस सोबत असेल तर हा दर वाजवी आहे. तो नसेल तर महाग.

पाचपैकी साडेतीन गुण देतो. नोंदणी करताना चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: वाटाड्या कोण असेल, घाटात किती थांबे मिळतील, लपण ऐच्छिक आहे का, आणि त्या तारखांना एरविकुलम उघडे आहे का. आम्ही येत्या डिसेंबरसाठी पुन्हा विचारणा केली आहे, या वेळी थट्टेकाडची एक रात्र कमी करून चिन्नारला दोन. मालकांनी होकार कळवला आहे, आणि चेट्टा स्वतः गाडीत पुढच्या आसनावर असेल असेही लिहिले आहे.